गुडघ्याजवळ सूज, हाडाचा कॅन्सर असू शकतो म्हणाले, बायोप्सी करू द्यावी का?

मुक्ता_मावशी: भाचा १५ वर्षांचा आहे, बरेच दिवस गुडघ्याच्या वर दुखतंय म्हणत होता, खेळताना लागलं असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, पण आता रात्री दुखण्याने जागा होतो आणि सूजही दिसतेय. एक्स-रे बघून डॉक्टरांनी एमआरआय आणि बायोप्सी (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं) सांगितलीये. घरातली मोठी माणसं म्हणतात सुई लागली की कॅन्सर पसरतो. थेट ऑपरेशन नाही का करत? आणि पाय कापावाच लागतो का? प्लीज कोणीतरी सांगा, ताईकडे बघवत नाहीये.

ऑर्थो_निवासी: मावशी, बायोप्सी टाळू नका. या वयात गुडघ्याजवळ ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कॅन्सर जास्त दिसतो, पण इविंग सार्कोमा हा दुसरा कॅन्सरही असू शकतो, कधी तर नुसतं हाडाचं इन्फेक्शनही तसंच दिसतं, आणि तिघांचे उपचार पूर्ण वेगळे. तुकडा तपासल्याशिवाय कुठलं औषध द्यायचं हेच ठरत नाही. सुईच्या वाटेवर पेशी राहू शकतात हे खरंय, म्हणून तर ऑपरेशनमध्ये ती वाटही गाठीसोबत काढून टाकतात. त्यामुळे सुई कुठून घालायची हे पुढे ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवायला हवं, चुकीच्या जागी घातली तर पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. एमआरआय आधी, बायोप्सी नंतर. आणि कॅन्सर आहे की नाही हे कळायच्या आत कोणी 'उघडून गाठ काढून टाकू' म्हणालं तर कृपा करून नाही म्हणा.

लेकीची_आई: माझ्या मुलीला ऑस्टिओसार्कोमाच होता, पाय वाचलाय तिचा. आधी साधारण १० आठवडे केमो (मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन), मग ऑपरेशन, तेवढं हाड काढून धातूचा सांधा बसवला, मग परत केमो. काढलेलं हाड तपासतात, ९० टक्के किंवा जास्त पेशी मेलेल्या असल्या तर केमो चांगली लागू पडली असं धरतात, त्या रिपोर्टची वाट बघणं फार जड जातं हो. हल्ली बहुतेकांचा पाय वाचतो, पण मुख्य नस आणि रक्तवाहिनी गाठीत अडकली असेल तर कधी कापावा लागतो, तेव्हा जीव आधी.

मुक्ता_मावशी: खूप आधार वाटला. छातीचा सीटीपण सांगितलाय, तो कशाला? इविंग निघाला तर?

ऑर्थो_निवासी: हे कॅन्सर पसरले तर बहुतेकदा आधी फुप्फुसात जातात, म्हणून सीटी. इविंगमध्येही केमो आधीच असते, पण त्याला रेडिएशनही चांगलं लागू पडतं, ऑस्टिओसार्कोमाला तेवढं नाही. गाठ पसरलेली नसेल तर ऑस्टिओसार्कोमाची साधारण ६० ते ७० टक्के मुलं ५ वर्षांनंतरही जिवंत असतात, १९७० च्या आधी नुसता पाय कापूनही पाचातली जेमतेम एक वाचायची.

लेकीची_आई: अजून एक, केमोच्या आधी हृदयाचा इको, कानाची तपासणी आणि मुलगा आहे म्हणून वीर्य साठवण्याबद्दल विचारून घ्या, नंतर उशीर होतो. मालीश अजिबात नको आणि त्या पायावर जोर देऊ देऊ नका, हाड मोडू शकतं.

मुक्ता_मावशी: ताईला आत्ताच फोन करते, शेजारचे एक काका रोज तेल लावून चोळतायत त्याचा पाय.