मदत हवी आहे: पोलिश सर्कस पोस्टर मूळ छपाईचं की पुनर्मुद्रण?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे पोलंडमधलं एक जुनं सर्कसचं पोस्टर आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर विदूषक आणि वर मोठ्या अक्षरांत 'त्सिर्क' (Cyrk, म्हणजे पोलिशमध्ये सर्कस). आकार ६७ × ९७ सेंमी. पोलंडमध्ये १९६२ पासून सर्कससाठी नामवंत चित्रकारांकडून अशी पोस्टरं करून घेत असत. त्यातली लोकप्रिय चित्रं पुढे पुन्हा छापली गेली, आणि माझी अडचण तिथेच आहे.

आतापर्यंत काय पाहिलं: दहापट भिंगाखाली रंगांचे ठिपके दिसतात, म्हणजे ऑफसेट (यंत्रावरची छपाई, जिच्यात चित्र बारीक ठिपक्यांतून उमटतं). पण मूळ पोस्टरंही बहुधा ऑफसेटवरच छापलेली, त्यामुळे त्यावरून निकाल लागत नाही. खालच्या कडेची बारीक ओळ, जिथे प्रकाशक आणि छापखान्याचा क्रमांक असतो, ती नेमकी कापली गेलीय (फार हळहळ वाटते). कागद पातळ, चकाकी नसलेला, मागून पिवळट. चार घड्या आहेत, एका घडीवर फाटलंय.

वॉर्सातलं विलानूफचं पोस्टर संग्रहालय १९६८ पासून आहे. तिथल्या प्रतीशी ताडून पाहायचा विचार आहे, पण प्रत्यक्ष जाणं शक्य नाही. पोस्टर विकायचं नाही, किंमत नको. लॅमिनेशन तर अजिबात करणार नाही.

फाटलेला भाग सावरायला मागून कापड चिकटवून घ्यायचंय, पण मग कागदाची मागची बाजू कायमची झाकली जाईल. तर छापील ओळ नसताना कागद, शाई किंवा मागच्या बाजूवरून मूळ प्रत कशी ओळखायची, आणि कापड लावण्याआधी नेमके कशाकशाचे फोटो काढून ठेवू?