मॅन्युअल बीपी घेताना आवाजच ऐकू येत नाही, काय करू?

अबोली_फर्स्टइयर
नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, आत्ताच वॉर्ड पोस्टिंग सुरू झालंय. लॅबमध्ये एकमेकींवर बीपी घ्यायचो तेव्हा सगळं नीट यायचं पण वॉर्डात पेशंटसमोर उभी राहिले की स्टेथोमधून काही म्हणजे काही ऐकू येत नाही, बाजूला गोंगाट, पेशंट बोलत असतो, नातेवाईक बघत असतात, मग मी घाबरून परत परत कफ (दंडाचा पट्टा) फुगवते आणि पेशंट वैतागतो. मैत्रिणी म्हणतात डिजिटलवर घे आणि लिहून टाक. आणि रेस्पिरेशन, म्हणजे श्वास, पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चालतं का, का पूर्ण मिनिटच मोजायचं? सगळे जण वेगवेगळं सांगतात.

जुनी_सिस्टर
अगं कानाने ऐकायच्या आधी हाताने बघ. मनगटाची रेडियल पल्स धरून कफ फुगवायचा, पल्स लागायची बंद झाली तो आकडा लक्षात ठेवायचा आणि कफ पूर्ण रिकामा करायचा. मग थोडं थांबून स्टेथो लावून त्या आकड्याच्या 20 ते 30 वर फुगवायचं आणि हळू सोडायचं, सेकंदाला 2-3 मिमी, जास्त नाही. नव्या मुली व्हॉल्व एकदम उघडतात आणि आवाज कधी येऊन गेला ते कळतच नाही, तुझंही तेच होत असेल असं मला वाटतंय.

पल्स बघायला सांगते त्याला अजून एक कारण आहे. काही पेशंटमध्ये, जास्त करून बीपीच्या जुन्या पेशंटमध्ये, आवाज सुरू होतात, मधे गायब होतात आणि खाली परत येतात. तू कफ कमी फुगवलास आणि त्या मधल्या शांततेतच थांबलीस तर खालचे आवाज ऐकून तेच सिस्टोलिक, म्हणजे बीपीचा वरचा आकडा, म्हणून लिहिशील, आणि बीपी खूप वाढलेला पेशंट चार्टवर नॉर्मल दिसेल. पल्स आधी बघितली की हे टळतं.

स्टेथोची कानातली टोकं नाकाच्या दिशेला हवीत, उलटी घातली तर आवाज दबतो. डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोची चपटी चकती, कोपराच्या आतल्या बाजूला ब्रॅकियल पल्स लागते तिथे ठेव, आधी बोटाने शोध. कफखाली खुपसू नकोस आणि बाहीवरून तर अजिबात नको. आणि पेशंटला सरळ सांग की दोन मिनिटं बोलू नका, बोलल्यावर बीपी खरंच वाढतं, त्यामुळे असं सांगण्यात उद्धटपणा काही नाही.

ट्यूटर_मॅडम
सिस्टरांनी छान सांगितलंय. त्यात कफची साइज जोडते कारण वॉर्डात एकच कफ सगळ्यांना लावला जातो. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटं जास्त येतं, बारीक दंडाला मोठा लावला तर खोटं कमी येतं. आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के तरी गुंडाळली गेली पाहिजे. दंड हृदयाच्या उंचीवर, पाठीला टेका, पायावर पाय नको, आणि आधी 5 मिनिटं शांत बसलेलं असावं. पेशंट आत्ताच जिना चढून आलाय आणि आपण कफ गुंडाळतोय असं करू नका.

डिजिटल वाईट नाही, पण पल्स अनियमित असली तर त्याच्या आकड्यावर विसंबता येत नाही, त्यामुळे हाताने घेता आलंच पाहिजे.

रात्रपाळी
रेस्पिरेशनबद्दल मला पोटतिडकीने बोलायचंय, कारण सगळ्यात जास्त अंदाजपंचे याचंच चालतं. पूर्ण मिनिट मोज. पंधरा सेकंदात 4 श्वास मोजले की 16 येतात, 5 मोजले की 20, म्हणजे 17, 18, 19 तुला कधी मिळणारच नाहीत आणि एक श्वास चुकला तर चार्टवर चारचा फरक. म्हणूनच कुठलाही चार्ट उघडा, खालपासून वरपर्यंत 16, 20, 16, 20. मोठ्या माणसाचं नॉर्मल 12 ते 20, मग 20 लिहिलेला पेशंट खरंच 20 वर आहे का 23 वर ते कसं कळणार? आणि बऱ्याचदा बीपी पडायच्या आधी श्वास वाढतो, शरीर आधी तिथूनच सांगतं. ब्रिटनमध्ये पेशंट बिघडतोय का ते पल्स, बीपी, श्वास वगैरेंना पॉइंट देऊन बघतात, त्या न्यूज-2 स्कोअरमध्ये श्वास 25 किंवा वर गेला की त्या एकाच गोष्टीचे 3 पॉइंट धरतात, तेवढ्यावरसुद्धा पेशंटला तातडीने बघायला जायचं असतं.

मोजताना मात्र पेशंटला सांगायचं नाही, सांगितलं की तो मुद्दाम श्वास घ्यायला लागतो. पल्स मोजून झाली की मनगट तसंच धरून ठेव आणि नजर छातीवर ने, त्याला वाटतं अजून पल्सच बघतेय.

अबोली_फर्स्टइयर
थँक्यू ताई, मॅडम, खरंच! व्हॉल्व मी नक्कीच पटकन सोडतेय. एकच विचारायचंय, एवढं करूनही नाहीच ऐकू आलं तर?

जुनी_सिस्टर
तर लिहू नकोस. एक-दोन मिनिटं हात मोकळा राहू दे, लगेच परत फुगवलं तर आकडा चुकतो. मग एकदा परत घे आणि तरी नाही आलं तर सीनियरला म्हण, सिस्टर मला ऐकू येत नाहीये, तुम्ही एकदा बघा. कदाचित पेशंटचं बीपीच खूप कमी असेल, त्यामुळे हे सांगणं लांबवू नकोस. आणि हो, ज्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (शीर आणि धमनी जोडून केलेली जागा) आहे त्या हातावर कफ नाही, आणि ज्या बाजूचं स्तनाचं ऑपरेशन झालंय किंवा सलाईन चालू आहे तो हात टाळून दुसरा घे. कफ गुंडाळायच्या आधी पेशंटला विचारायचं, फाइल वाचलेली असली तरी.