बुग्यालाची जमीन जंगलापेक्षा गरम, मग झाडं तिथे का चढत नाहीत?

वाळपईची_टीचर
मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात अकरावी-बारावीला भूगोल शिकवते. मे महिन्यात उत्तराखंडात चोपत्याहून तुंगनाथला चढले. खर्सू ओकच्या जंगलातून जाताना अंगात स्वेटर होता आणि तरी थंडी वाजत होती. झाडं संपून बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, लागलं तशी गवतावर टेकले, तर जमीन चक्क कोमट. मागे सिमरूच्या (बुटक्या रोडोडेंड्रॉनच्या) झुडपांखाली हात घातला, तिथली माती ओली नि गारठलेली, एका खळग्यात मळका बर्फही पडून होता. थंडी सोसत नाही म्हणून उंचावर झाडं थांबतात असं आपण शिकवतो. पण जिथे झाडं नाहीत तिथलीच जमीन जास्त गरम कशी? वर्गात हे सांगितलं की मुलं विचारणारच, आणि मला त्यांना अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

चोर्ल्याचा_वारा
टीचर, वृक्षरेषेचं, म्हणजे डोंगरावर झाडं जिथे संपतात त्या सीमेचं, मर्म तुम्ही हातानेच तपासलंत. बातम्यांत आपण जे तापमान ऐकतो ते जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीतल्या पेटीत मोजलेलं असतं. गवत त्या हवेत राहतच नाही. गवत आणि गादीसारख्या पसरणाऱ्या बुटक्या वनस्पती जमिनीला चिकटून असतात, वारा त्यांच्या डोक्यावरून जातो आणि खाली उन्हाची ऊब साठते. लख्ख उन्हात त्यांची पानं भोवतालच्या हवेपेक्षा १० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त तापतात.

उंच झाडाला ही सोय नाही. त्याचा शेंडा सतत वाऱ्यात असतो, म्हणून हवा जितकी थंड तितकीच त्याची कळी थंड. त्यात भर म्हणजे ते स्वतःच्याच सावलीने मुळांची माती गार ठेवतं. सिमरूखाली तुमच्या हाताला लागली ती हीच माती. बाझल विद्यापीठाचे क्रिस्तियान कॉर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वृक्षरेषांवर झाडांखाली १० सेंटिमीटर खोल तापमापक पुरले. वाढीच्या हंगामातली सरासरी बहुतेक ठिकाणी ६ ते ७ अंशांच्या आसपास निघाली, मग डोंगर विषुववृत्ताजवळचा असो की उत्तरेकडचा. झाड तिथे उपाशी नसतं. पानं साखर बनवत असतात, पण साधारण ५ अंशांखाली नव्या पेशी घडणं जवळजवळ थांबतं, त्यामुळे त्या साखरेचं लाकूड होत नाही.

रात्री मात्र सगळं उलटतं. निरभ्र आकाशाखाली बुग्याल आपली उष्णता भराभर सोडून देतं आणि गवतावर दहिवर गोठतं. जंगलात वरचा पर्णसंभार थोडी ऊब धरून ठेवतो. उघड्यावर रुजलेल्या रोपाला रात्री गोठायचं आणि सकाळी त्याच गारठलेल्या पानांवर कडक ऊन झेलायचं, असा दुहेरी मार बसतो. म्हणून अशा जागी रोपं बरेचदा खडकाच्या किंवा झुडपाच्या आडोशाला तगलेली दिसतात. खळग्यातल्या बर्फाचाही हिशेब वेगळा. हिवाळ्यात त्याच्याखालची माती शून्याच्या आसपास सुरक्षित राहते, पण तो उशिरा वितळला की वाढीचे दिवस घटतात. उलट ज्या धारेवरून वारा बर्फ उडवून नेतो, तिथली जमीन खोलवर गोठते.

रानवाट
सगळं खरं, पण तुंगनाथचं गणित फक्त थंडीवर मांडू नका. तिथे झाडं साधारण ३,३०० मीटरवर संपतात, तर आग्नेय तिबेटात जुनिपर ४,९०० मीटरपर्यंत पोचतो. अक्षांश फारसा वेगळा नाही. तिबेटचं पठार उन्हाळ्यात तापतं, हे एक कारण. शिवाय गढवालच्या बुग्यालांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-म्हशी चरल्या आहेत, लाकूडही तोडलं गेलं आहे. आज दिसते ती कड हवामानाची मूळ सीमा असेलच असं नाही.

वाळपईची_टीचर
आता चित्र स्पष्ट झालं, दोघांचेही आभार. मुलांना हिमालयात नेणं शक्य नाही. आमच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, असं काही मोजता येईल का?

चोर्ल्याचा_वारा
जरूर येईल. सड्यावर झाडं नसण्याचं कारण मात्र थंडी नव्हे, हे मुलांना आधीच सांगा. तिथे जांभ्यावर मातीचा पातळ थर, पावसात पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात सगळं करपतं. तीन जागा घ्या: उघडा सडा, रानाची कड आणि एखादं कुळागर (सुपारीची बाग). प्रत्येक ठिकाणी घोट्याच्या उंचीवर, डोक्याच्या वर आणि १० सेंटिमीटर मातीत मोजा. एकदा दुपारी दोनला, एकदा उजाडण्यापूर्वी. हवेतला तापमापक उन्हात उघडा ठेवलात तर तो हवेचं नाही, स्वतःचंच तापमान दाखवेल. त्यावर पांढऱ्या प्लास्टिकचं छत धरा, बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. जांभ्यात तापमापक रुतणार नाही, तेव्हा माती साचलेला खळगा शोधा. जानेवारीत जा. आभाळ मोकळं असतं, रात्र आणि दुपार यांतला फरक मोठा मिळेल, आणि मुलांना ऊनही बाधणार नाही.