‘मी ग्रॅज्युएट झाले’ : १९१० च्या अमेरिकी पत्रातल्या मुलीसाठी मराठी शब्द

प्रश्न : १९१० च्या आसपासची, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातली काही कौटुंबिक पत्रं मराठीत आणतेय. अठरा वर्षांची मुलगी लिहिते, ‘मे महिन्यात मी ग्रॅज्युएट झाले.’ पुढे कमेन्समेंट (शाळा पुरी झाल्याचा समारंभ), ऑपेरा हाउस, क्लास प्रॉफेसी, आणि ‘आता नॉर्मल स्कूलला जाईन’. ‘पदवीधर झाले’ लिहिलं तर वाचक तिला बी.ए. समजेल. ‘मॅट्रिक झाले’ चालेल का? आणि नॉर्मल स्कूल म्हणजे साधीच शाळा ना?

उत्तर : ‘पदवीधर’ नकोच. ‘मॅट्रिक’ काळाला शोभतो, पण अर्थाला नाही. आपल्याकडची मॅट्रिक ही विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. पेपर बाहेरून यायचे, शाळेच्या हातात निकाल नसायचा. अमेरिकेत न्यूयॉर्कसारखं एखादं राज्य सोडलं तर हायस्कूल स्वतःच विद्यार्थ्याला उत्तीर्ण करून डिप्लोमा, म्हणजे शाळा पुरी केल्याचं प्रमाणपत्र, देई. मिशिगन विद्यापीठाने तर १८७१ पासूनच, पाहणी करून मान्य केलेल्या शाळांतल्या मुलांना वेगळ्या परीक्षेविना प्रवेश द्यायला सुरुवात केली होती. ‘मॅट्रिक’ म्हटलं की न झालेली परीक्षा वाचकाच्या डोळ्यापुढे येईल. मी सरळ ‘हायस्कूल पुरं केलं’ लिहीन.

फक्त त्या वाक्याचं वजन कमी होऊ देऊ नका. १९०० साली अमेरिकेत सतरा वर्षांच्या शंभर मुलामुलींमागे जेमतेम सहा जण हायस्कूल पुरं करत. १९१० ला नऊच्या आसपास, १९२० ला सतरा. त्यातही मुली जास्त: १९०० च्या सुमारे ९५ हजारांत जवळजवळ ५७ हजार मुलीच होत्या. मुलगे त्याआधीच शेतावर, दुकानात, कारखान्यात लागलेले असत. मुलीला मात्र त्या डिप्लोम्यावर पगाराची वाट मिळे: खेड्यातली शाळा, टायपिंग-लघुलेखन, हिशेबनिशी. म्हणून ती ‘झाले’ असं ठासून लिहिते.

समारंभही तसाच, अख्ख्या गावाचा. लहान गावात वर्ग दहा-बारा जणांचा असायचा. आधीच्या रविवारी चर्चमध्ये त्यांच्यासाठी खास प्रवचन होई. मुख्य कार्यक्रमाला मंचावर वर्गाचं बोधवाक्य मोठ्या अक्षरांत, वर्गाचे ठरलेले रंग, ठरलेलं फूल. जुन्या रिवाजात प्रत्येकाने काहीतरी सादर करायचं: मुलग्यांनी भाषण, मुलींनी निबंध. पुढे पुढे पहिल्या एकदोघांची भाषणं आणि बाहेरून आलेला पाहुणा एवढंच उरलं. मुलींचे पांढरे पोशाख हा तर घराघरातला खर्चाचा प्रश्न. काही शाळांनी कापडाच्या किमतीला मर्यादा घातली, मुलींना स्वतः शिवायला लावलं. काहींनी सगळ्यांना सारखाच झगा आणि टोपी दिली. तुमच्या पत्रांत पोशाखाबद्दल दोन ओळी जरी असल्या तरी गाळू नका, त्या ओळींत घरची ऐपत दिसते.

‘क्लास प्रॉफेसी’ला ‘वर्गाचं भविष्य’ पुरे. वीस वर्षांनी कोण कुठे असेल हे थट्टेने वाचून दाखवत. जोडीला ‘क्लास विल’ दिसलं तर ‘वर्गाचं मृत्युपत्र’ असंच ठेवा. जाणारा वर्ग आपली बाकं आणि खोड्या खालच्या वर्गाच्या नावे करतो, गंमत त्या शब्दातच आहे. ऑपेरा हाउस म्हणजे तिथे संगीतिका होतच असतील असं नाही, मध्यपश्चिमेतल्या गावांत सार्वजनिक सभागृहाला हेच नाव असे. ‘गावचं नाट्यगृह’ म्हणा.

प्रश्न : कमेन्समेंटला ‘दीक्षान्त’ कसा वाटतो?

उत्तर : दीक्षान्त विद्यापीठाचा. मी ‘शालान्त समारंभ’ करेन. मूळ शब्दात ‘आरंभ’ आहे, आणि पाहुणे वक्ते त्यावर हमखास बोलत. पत्रात तसा उल्लेख असेल तिथे ‘कमेन्समेंट’ ठेवून वाक्यातच उलगडा करा, तळटीप नको.

आणखी एक उत्तर : नॉर्मल स्कूलचं राहिलं. ती साधी शाळा अजिबात नाही, ते शिक्षक घडवण्याचं विद्यालय. शब्द फ्रेंचांकडून आलेला, आणि एकोणिसाव्या शतकात आपल्याकडेही ‘नॉर्मल स्कूल’ म्हणत. आजच्या वाचकासाठी ‘अध्यापक विद्यालय’ बरं. ही मुलगी हायस्कूलनंतर थेट खेड्यातल्या एकशिक्षकी शाळेवरही जाऊ शकली असती. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, परीक्षा देऊन शिकवायचा परवाना मिळे. तरी ती पुढे शिकायचं म्हणतेय, हे अनुवादात ठळक यायला हवं. आणि तारीख तपासा: आयोवाचं सरकारी नॉर्मल स्कूल सीडर फॉल्सला होतं, १९०९ मध्ये त्याचं नाव बदलून ‘आयोवा स्टेट टीचर्स कॉलेज’ झालं. १९१० च्या पत्रात ती जुनंच नाव लिहीत असेल तर ते तसंच राहू द्या, दुरुस्त करू नका.