मदत हवी आहे: इंटरकूलरचा पाइप नेण्यासाठी एअर फिल्टरचा डबा हलवला, आता एअर फ्लो सेन्सरचं रीडिंग थरथरतंय

नमस्कार मंडळी,

गाडी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, 2002 चं मॉडेल, 2.0 लिटरचं ईजे205 इंजिन. टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा) मूळचाच, ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातली सेटिंगही मूळचीच, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) साधारण 0.9 बार. इंजिनाच्या डोक्यावर बसणारा इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा) काढून बंपरमागे, रेडिएटरच्या पुढे मोठा इंटरकूलर बसवायचं काम घरीच चाललंय. इंटरकूलर जागेवर बसला, ब्रॅकेट झाले. अडलंय ते टर्बोच्या आधीच्या बाजूला, जिकडे काही अडेल असं वाटलंच नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी सांगतो. गाडी पळत असेल तर बोनेटच्या झडपेतून वारा येतो आणि मूळचा इंटरकूलर नीट काम करतो. पण गर्दीत दहा मिनिटं सरपटत गेलं की इंजिनाची सगळी धग खालून त्यालाच लागते. त्यानंतर रस्ता मोकळा मिळाला तरी पहिले काही मिनिटं गाडी जड वाटते. हिशेब करून पाहिला: बाहेरची हवा 30 अंश, बूस्ट 0.9 बार आणि कंप्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर टर्बोतून निघणारी हवा 115 अंशांच्या पुढे जाते. ती थंड करणारी वस्तूच तापलेली असेल तर इंजिनाला नॉकिंगपासून (मिश्रण अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांपासून) वाचवायला ईसीयू टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेणारच.

आता मूळ अडचण. टर्बो इंजिनाच्या मागच्या बाजूला उजवीकडे आहे (ड्रायव्हरच्या सीटवरून पाहिलं तर). त्याचा गरम पाइप बंपरपर्यंत न्यायचा म्हणजे उजव्या बाजूनेच पुढे यावं लागतं, आणि नेमका तिथेच एअर फिल्टरचा डबा. आधी पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे जोडून मार्ग आखून पाहिला. डबा जागेवर ठेवून 2 इंची पाइप काही केल्या जात नाही. म्हणून डबा काढला, पुढच्या कोपऱ्यात उघडा, शंकूच्या आकाराचा ‘कोन’ फिल्टर बसवला आणि तिथून टर्बोच्या रबरी नळीपर्यंत स्वतः वाकवलेला ॲल्युमिनियमचा पाइप टाकला. एअर फ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) मूळच्या डब्याच्या झाकणातल्या नळीतून काढून या नव्या पाइपवर बसवला. आणि इथेच माती खाल्ली.

इंजिन सुरू होतं, आयडलला शांत चालतं. पण 2500 ते 3000 आरपीएमला हलक्या पायाने धरून ठेवलं की सेन्सरचं रीडिंग थरथरतं, गाडीला बारीक हिसके बसतात आणि लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलात केलेली कायमची दुरुस्ती, टक्क्यांत) अधिक 14 पर्यंत चढतो. म्हणजे सेन्सर हवा कमी मोजतोय आणि ईसीयू पेट्रोल वाढवून ते भरून काढतोय. बूस्टमध्ये गाडी मी नेलेलीच नाही. पूर्ण लोडवर ईसीयू ऑक्सिजन सेन्सरकडे पाहून दुरुस्ती करत बसत नाही, आणि तिथे मिश्रण पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं तर पिस्टन वितळायला वेळ लागत नाही. हे इंजिन मी स्वतः उघडून स्वतः जोडलंय, त्याच्याशी जुगार खेळणार नाही. सध्या जुना डबा आणि वरचा इंटरकूलर परत लावून गाडी वापरतोय.

मला दोन कारणं दिसतात. पहिलं, व्यास. सेन्सर आपल्या तारेजवळून जाणाऱ्या हवेवरून अख्ख्या पाइपचा प्रवाह ठरवतो, त्यामुळे पाइप रुंद झाला की हिशेब चुकतो. समजा मूळ पाइप आतून 65 मिमी आणि नवा 70 मिमी असेल, तर क्षेत्रफळ 16 टक्क्यांनी वाढतं. फक्त 5 मिमीचा फरक, आणि तेवढ्यानेच ट्रिम आकाशाला भिडतो. माझा पाइप बाहेरून मोजून आणला होता, आतून मोजलाच नाही. दुसरं, बेंड. जागा नव्हती म्हणून 90 अंशांच्या वळणानंतर जेमतेम 5 सेंटिमीटरवर सेन्सर आला. वळणातून हवा एका बाजूला दाबून, भोवरे घेत बाहेर पडते. ट्रिम वर जाण्याला व्यास कारण असेल, पण थरथर ही वळणाचीच करामत असावी असं मला वाटतं.

आता विचारायचं ते हे. मूळच्या डब्याच्या झाकणातला सेन्सर असलेला नळीचा तुकडा कापून नव्या पाइपमध्ये कुणी जोडलाय का? त्याचा व्यास आणि सेन्सरचा कोन आपोआप बरोबर येईल, हे मला सगळ्यात आवडलेलं उत्तर आहे. फक्त ते प्लॅस्टिक आहे, दोन्हीकडून सिलिकॉनच्या जोडात आवळल्यावर टिकेल का, ही भीती. सेन्सरच्या आधी किती सरळ लांबी पुरेशी होते? पुस्तकी नियम व्यासाच्या दहापट सांगतात, ते 65 सेंटिमीटर होतात, तेवढी जागा या गाडीत कुठून आणायची? मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी लावून कमी लांबीत कुणाचं भागलं असेल तर नक्की सांगा.

कोन फिल्टर मडगार्डच्या आत खाली नेला तर सरळ लांबी मिळते, थंड हवाही मिळते. पण रस्त्यावर पाणी साचलं की तो थेट त्यात बुडणार, आणि एकदा का इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकलाच. तो मार्ग मी सोडून दिलाय, कृपया सुचवू नका.

बाकीचं थोडक्यात: थंड पाइप डावीकडून, बॅटरीजवळून मागे थ्रॉटल बॉडीकडे येतोय, अडीच इंची. त्यात दर मीटर लांबीला जवळपास 2.9 लिटर हवा मावते, म्हणून विनाकारण वळसे टाळलेत. पाइपच्या टोकांना उंचवटा काढून घेतलाय, नाहीतर बूस्टमध्ये जोड निसटतो. ब्लो-ऑफ व्हॉल्व्हची (पाय काढल्यावर दाबाची हवा सोडणाऱ्या झडपेची) हवा बाहेर न सोडता परत सेन्सर आणि टर्बोच्या मध्येच आणतोय, कारण ती आधीच मोजलेली आहे. क्रँककेसच्या ब्रीदरचंही (इंजिनाच्या पोटातल्या वाफा बाहेर काढणाऱ्या नळीचंही) तोंड तिथेच.

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी गळती तपासायला सांगितलं, ती सेन्सर आणि टर्बोच्या मधली. तिथून हवा आत शिरली तर ती मोजली जात नाही, आणि ट्रिम असाच वर जातो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काल धूर सोडून पाहिलं. मॅनिफोल्डखालून जाणाऱ्या रबरी नळीला, टर्बोकडच्या क्लॅम्पजवळ, बोटाच्या पेराएवढी चीर निघाली. डबा काढताना मीच ओढली असणार. जुन्या डब्यावरही ट्रिम अधिक 6 दाखवतोय, म्हणजे 14 मधले काही त्या चिरेचे आहेत. नवी नळी टाकायला इनटेक मॅनिफोल्ड उचलावा लागेल, ते काम या आठवड्यात घेतो.

पण चिरेने रीडिंग खोटं होईल, थरथरेल कसं? त्यामुळे झाकणाचा तुकडा कापण्याचा प्रश्न अजून तसाच आहे. ज्यांनी तो प्रत्यक्ष कापलाय, त्यांनी सेन्सरच्या दोन्ही बाजूंना किती नळी ठेवली तेवढं मोजून सांगाल का? झाकण एकच आहे, चुकीच्या जागी करवत फिरवायची नाही.