सगळे अल्बम सलग ऐकता येतील असा बँड कोणता? निकाल सर्वात कच्च्या अल्बमवर

कानसेन

कोणत्या बँडचा सर्वोत्तम अल्बम कोणता, यावर पुष्कळ चर्चा होते. मला उलट्या बाजूने विचारायचंय. ज्याचा सर्वात कच्चा अल्बमसुद्धा पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत मध्ये हात न लावता ऐकता येतो, असा बँड कोणता?

अटी अशा: किमान सहा स्टुडिओ अल्बम हवेत. लाइव्ह आणि संकलनं धरायची नाहीत, सदस्यांचे एकट्याचे अल्बमही नाहीत. आणि सोयीचा काळ कापून घ्यायचा नाही. ब्लॅक सबाथचे १९७० ते १९७५ मधले पहिले सहा अल्बम दणदणीत आहेत, पण त्याच चौघांनी पुढे १९७६ चा 'टेक्निकल एक्स्टसी' आणि १९७८ चा 'नेव्हर से डाय!' केला. ते धरले की तळ खाली जातो. रेडिओहेडची अडचण सुरुवातीला आहे. १९९५ च्या 'द बेंड्स'पासून पुढे माझी तक्रार नाही, पण १९९३ चा 'पाब्लो हनी' जवळपास एका गाण्यावर उभा आहे.

नुसतं नाव नको. सर्वात कच्चा अल्बम कोणता, तो कच्चा का राहिला आणि तरीही का चालतो, हे लिहा.

खर्ज

लेड झेपलिन. जानेवारी १९६९ ते ऑगस्ट १९७९ या काळात आठ स्टुडिओ अल्बम, चौघेही वादक तेच, आणि आठही अल्बमचा निर्माता एकच, गिटारवादक जिमी पेज. १९८२ चा 'कोडा' हा ड्रमर जॉन बॉनम गेल्यावर उरलेल्या गाण्यांचा केलेला अल्बम आहे, तो तुमच्या अटीप्रमाणे संकलनात जातो.

सातत्याचं कारण पेजच्या हाताखाली असलेली शिल्लक. १९७५ च्या 'फिजिकल ग्राफिटी'साठी आठ नवी गाणी झाली. ती एका तबकडीत मावेनात आणि दोन तबकड्यांना पुरेनात. तेव्हा आधीच्या अल्बमांच्या वेळी बाजूला ठेवलेली सात गाणी काढली आणि पंधरा गाण्यांचा दुहेरी अल्बम केला. त्यातलं 'हाउसेस ऑफ द होली' हे गाणं तर १९७३ च्या त्याच नावाच्या अल्बममधून वगळलेलं होतं. स्वतःच्या नावाच्या अल्बममधून गाणं बाहेर ठेवायची तयारी असलेला बँड भरताड कशाला करेल? आपल्याकडचं उदाहरणही याच जातीचं आहे. १९७२ मध्ये पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर आली २०१५ मध्ये.

आता कच्चे अल्बम. दोन आहेत आणि दोघांची कारणं वेगळी.

'प्रेझेन्स' (१९७६): ऑगस्ट १९७५ मध्ये ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या गाडीला अपघात झाला, दौरा रद्द झाला. म्युनिकमधल्या एका हॉटेलच्या तळघरातल्या म्युझिकलँड स्टुडिओत तीन आठवड्यांच्या आत सगळं उरकलं, कारण त्यानंतरच्या तारखा रोलिंग स्टोन्सच्या होत्या. अल्बममध्ये कीबोर्ड अजिबात नाहीत, अकूस्टिक गिटार नावापुरती. त्यामुळे ४४ मिनिटं एकच पोत कानावर पडतो आणि मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळतात. तरी सुरुवातीचं दहा मिनिटांचं गाणं आणि शेवटचा संथ ब्लूज ही दोन टोकं इतकी भक्कम आहेत की अल्बम टिकतो.

'इन थ्रू द आउट डोअर' (१९७९): स्टॉकहोमचा पोलार स्टुडिओ. इथे काम प्रामुख्याने प्लांट आणि बासवादक जॉन पॉल जोन्स यांनी उभं केलं, म्हणून सगळीकडे सिंथेसायझर. दोन गाण्यांवर गीतकार-संगीतकार म्हणून पेजचं नावच नाही. या आठ अल्बमांतल्या बँडच्या स्वतःच्या रचनांमध्ये असं बाकी कुठे दिसत नाही. माझ्या मते आठांतला हा सर्वात कच्चा. पण कच्चा म्हणजे वेगळ्या चवीचा. कंटाळवाणा नाही.

दुसरी_बाजू

खर्ज यांच्या प्रतिसादात एक गोष्ट राहिली: तबकडी. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण २० ते २२ मिनिटं नीट बसतात. त्याहून जास्त कोंबली की खाचा जवळजवळ येतात, आवाजाची पातळी खाली आणावी लागते आणि सर्वात आधी बासचे खालचे सूर कापले जातात. म्हणून १९७० च्या दशकातले अल्बम ३५ ते ४५ मिनिटांचे. दहावं बरं गाणं आणि अकरावं बरं गाणं यांत निवड करावीच लागायची.

सीडी आल्यावर ही सक्ती गेली. मेटॅलिकाकडे बघा. १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स': आठ गाणी, ५५ मिनिटांच्या आत. १९९६ चा 'लोड': १४ गाणी, ७८ मिनिटं ५९ सेकंद. सीडी अक्षरशः काठोकाठ. शेवटचं 'द आउटलॉ टॉर्न' मावेना म्हणून त्याचं शेपूट कापलं आणि पूर्ण रूप नंतर एका सिंगलवर दिलं. माझा आक्षेप इथेच आहे: अल्बममधल्या सर्वात चांगल्या गाण्यांपैकी एक छोटं केलं आणि त्याच्या आधीची तीन-चार मध्यम गाणी जशीच्या तशी ठेवली. जागा कमी पडल्यावर काय काढायचं हा निर्णय चुकला.

रेडिओहेडने हाच धडा पुढच्याच अल्बममध्ये घेतलेला दिसतो. 'हेल टू द थीफ' (२००३) १४ गाण्यांचा, ५६ मिनिटांचा आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात सैलावतो. 'इन रेनबोज' (२००७) मध्ये दहाच गाणी, ४३ मिनिटांच्या आसपास. उरलेली आठ वेगळ्या दुसऱ्या डिस्कवर. त्या आठांत वाईट काही नाही, तरी ती मुख्य अल्बममध्ये घातली असती तर अल्बम फुटला असता.

तेव्हा तुलना करताना गाणी मोजू नका, मिनिटं मोजा. प्रत्येक गाण्यापुढे 'हवं', 'चालेल', 'काढा' यांपैकी एक लिहा आणि 'काढा'ची मिनिटं जोडा. ४० मिनिटांच्या अल्बममध्ये ती आठच्या पुढे गेली तर एक पंचमांश अल्बम भरताड आहे, असा बँड या शर्यतीतून बाद. एकाच बैठकीत दोन अल्बम मोजू नका, दुसऱ्यावर अन्याय होतो. 'चालेल' वाली गाणी आठवड्याने पुन्हा ऐका, त्यातली निम्मी तरी जागा बदलतात.

तबकडी

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल तुमच्या अटीत बसत नाही हे आधीच मान्य. पण सातत्य कशाने येतं आणि कशाने जातं, हे यांच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

१९६८ ते १९७० मध्ये सहा अल्बम. त्यातले तीन एकट्या १९६९ मधले: 'बायू कंट्री', 'ग्रीन रिव्हर', 'विली अँड द पुअर बॉइज'. 'ग्रीन रिव्हर' अर्ध्या तासाचाही नाही. गाणी लिहिणं, गाणं, मुख्य गिटार, मांडणी, निर्मिती हे सगळं जॉन फॉगर्टीच्या हातात. बाकी तिघांनी तो सांगेल ते वाजवायचं. या घाईत थोडं भरताड आहेच, पण ते लांबण लावण्याच्या स्वरूपात: 'कॉस्मोज फॅक्टरी'त जुन्या गाण्याची नवी आवृत्ती ११ मिनिटं चालते. 'पेंड्युलम'च्या शेवटी सहा मिनिटांचा ध्वनिप्रयोग आहे, तो मात्र सरळ 'काढा'.

तिघांना ही व्यवस्था जाचू लागली. १९७१ च्या सुरुवातीला जॉनचा भाऊ, गिटारवादक टॉम फॉगर्टी बाहेर पडला. उरलेल्या तिघांत ठरलं की ज्याने त्याने आपली गाणी लिहायची आणि गायची. १९७२ चा 'मार्डी ग्रा' तसा झाला: दहा गाण्यांपैकी सहा बासवादक स्टू कुक आणि ड्रमर डग क्लिफर्ड यांच्या आवाजात. दोघेही तालाला पक्के, पण त्या बँडची ओळख ज्या आवाजाने होते तो आवाज चारच गाण्यांत. त्यातही एक दुसऱ्याचं जुनं गाणं. समीक्षकांनी अल्बम झोडपला आणि त्याच वर्षी बँड संपला.

माणूस म्हणून मला त्या तिघांची बाजू पटते. आपलं म्हणणं ऐकलं जावं असं वाटण्यात काही गैर नाही. पण 'नाही' म्हणणारा एक पक्का माणूस गेला की अल्बमचा तळ पहिल्यांदा हलतो, हे इथे दिसतं.

मंद्र

बीटल्सचं नाव अजून कोणी घेतलं नाही, तर एक सूचना. ब्रिटिश आवृत्त्या धरा, अमेरिकेतल्या कॅपिटॉल कंपनीच्या नकोत. तिथे 'रिव्हॉल्व्हर' १४ ऐवजी ११ गाण्यांचा निघाला होता. काढलेली तिन्ही गाणी लेननची, ती दुसऱ्याच अल्बमवर आधी देऊन टाकलेली. ती आवृत्ती ऐकून कोणी लेननला कमी लेखत असेल तर दोष कापाकापीचा.

कच्चे दोन: 'बीटल्स फॉर सेल' (डिसेंबर १९६४), कारण दौऱ्यांमुळे गाणी लिहायला वेळ नव्हता आणि १४ पैकी ६ इतरांची आहेत. आणि 'यलो सबमरीन' (१९६९), ज्यात नवी गाणी चारच, दुसरी अख्खी बाजू निर्माता जॉर्ज मार्टिन यांच्या वाद्यवृंदाची. दुसरा चित्रपटाचा म्हणून वगळला तर बीटल्स पास. धरला तर नापास.

कानसेन

@मंद्र, बँडच्या मोजदादीत 'यलो सबमरीन' स्टुडिओ अल्बमच आहे, म्हणून धरावा लागेल. 

दुसरं: आत्तापर्यंत या शर्यतीत पुढे केलेली नावं साधारण दहा-बारा वर्षांत आटोपलेल्या बँडची आहेत. थांबल्यामुळे तळ राखला गेला असं असेल तर ते सातत्य किती खरं? रशचं काय? १९७४ ते २०१२, १९ स्टुडिओ अल्बम.

खर्ज

रश माझ्याही जवळचा बँड, पण १९ चा तळ टिकत नाही. पहिला अल्बम ड्रमर नील पर्ट येण्याआधीचा आहे आणि तो चांगल्या झेपलिनभक्तांचा अल्बम वाटतो, रशचा नाही. १९७५ चा 'कॅरेस ऑफ स्टील' महत्त्वाकांक्षेने फुटला: अख्खी दुसरी बाजू एकाच रचनेला दिली, पण तिचे तुकडे एकमेकांना धरत नाहीत. १९७६ च्या '२११२' मध्ये तीच आखणी चालली, कारण तिथे सुरुवातीला मांडलेली धून शेवटी परत येते आणि कथा एका माणसाची आहे. पुढे १९८९ चा 'प्रेस्टो' आणि १९९१ चा 'रोल द बोन्स' यांत रचना बऱ्या, आवाज पातळ. बास आणि ड्रम यांचं वजनच गायब.

एक अल्बम मात्र लोक चुकीच्या कारणाने खाली ढकलतात: 'व्हेपर ट्रेल्स' (२००२). तो इतक्या चढ्या पातळीवर मास्टर केला होता की झांजा आणि गिटार मिळून एक सपाट खरखर होते. सलग ऐकताना २० मिनिटांत कान थकतात आणि वाटतं गाणीच वाईट आहेत. २०१३ मध्ये डेव्हिड बॉट्रिलने संपूर्ण अल्बमचं नव्याने मिक्सिंग केलं. ती आवृत्ती ऐका, बास वेगळा ऐकू येतो, गायनाचे थर सुटे होतात. मूळ २००२ ची ऐकून गुण देऊ नका.

रिळावरचं

स्टीली डॅन. सगळ्या अटींसकट.

१९७२ ते १९८० सात अल्बम, मग २००० आणि २००३ मध्ये आणखी दोन. डोनाल्ड फेगन आणि वॉल्टर बेकर या दोघांचा निर्णय अखेरचा, त्या सातांचा निर्माता गॅरी कॅट्झ, ध्वनी रॉजर निकोल्सचा. १९७४ मध्ये त्यांनी दौरे थांबवले आणि नेमका वादकसंच ठेवणंही सोडलं. गाण्याला जो वादक हवा तो बोलवायचा. 'एजा' (१९७७) मध्ये शीर्षकगीताला स्टीव्ह गॅडचे ड्रम आणि वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन. 'पेग'च्या गिटार सोलोसाठी अनेकांना वाजवायला लावून शेवटी जे ग्रेडनचा ठेवला. सात गाणी, ४० मिनिटं. तबकडीची सक्ती आणि 'नाही' म्हणणारे कान, वर ज्या दोन गोष्टी आल्या त्या दोन्ही इथे एकत्र आहेत.

चुका झाल्या त्या यंत्रांच्या आणि हातांच्या. 'केटी लाइड' (१९७५) च्या मिक्सिंगमध्ये डीबीएक्स या कुरकुर घालवणाऱ्या यंत्रणेने घोळ केला आणि ध्वनीची चमक गेली. गाणी मात्र शाबूत. ते ऐकताना उंच सूर दबलेले वाटले तर तुमच्या स्पीकरवर शंका घेऊ नका. 'गाउचो' (१९८०) च्या वेळी 'द सेकंड अरेंजमेंट' हे जवळजवळ पूर्ण झालेलं गाणं स्टुडिओतल्या साहाय्यकाच्या हातून टेपवरून पुसलं गेलं. पुन्हा वाजवून बघितलं, मनासारखं होईना, तेव्हा ते सोडून दिलं आणि आधीच्या सत्रांतला एक ट्रॅक काढून त्यावर 'थर्ड वर्ल्ड मॅन' केलं. ती जागा भरताडाने भरली असती तर कोणी दोष दिला नसता. ते आज त्या अल्बममधलं सर्वात हळवं गाणं आहे.

कानसेन यांचा थांबण्याबद्दलचा प्रश्न इथे खरा कसाला लागतो, कारण हे वीस वर्षं थांबून परत आले. २००० चा 'टू अगेन्स्ट नेचर' मी 'रॉयल स्कॅम'च्या शेजारी ठेवेन. 'एव्हरीथिंग मस्ट गो' (२००३) हा नऊतला सर्वात कच्चा: ताल एकाच मध्यम गतीत रेंगाळतात आणि सुरावटी आधीच्यांसारख्या डोक्यात बसत नाहीत. दुसरी_बाजू यांच्या पद्धतीने मोजलं तर माझ्या हिशेबी एक गाणं 'काढा', दोन 'चालेल'. पण वादकसंच यावेळी बराचसा एकत्र बसून वाजवतो, आणि बेकर पहिल्यांदाच स्टीली डॅनच्या स्टुडिओ अल्बमवर मुख्य गायक म्हणून एक गाणं गातो.

दुसरी_बाजू

'काढा' एकच असेल तर आठ मिनिटांच्या आत बसतं. झेपलिनच्या 'प्रेझेन्स'मध्ये मला दोन 'काढा' मिळतात, पण दोन्ही छोटी, म्हणून तोही सुटतो. म्हणजे आत्ता दोन नावं उरली. ऐकताना दोन्हीकडे मूळ गाण्यांचीच यादी लावा. स्ट्रीमिंगवर विस्तारित आवृत्ती आधी दिसते आणि शेवटी जोडलेली अर्धवट गाणी त्याच अल्बमची समजून मोजली जातात. झेपलिनच्या २०१४-१५ च्या आवृत्त्यांत तर बहुतेक अल्बमांना अशी एक जादा डिस्कच जोडलेली आहे. एक गाणं संपताना दुसरं त्यात आपोआप मिसळण्याची सोयही (क्रॉसफेड) बंद करा, नाहीतर शेवट आणि सुरुवात दोन्ही कापले जातात.