मदत हवी आहे: तिसरीतल्या मुलाला फोन द्यावा का? दिला तर कोणता?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ राहतो. मुलगा ८ वर्षांचा. मी नोकरीला ऐरोलीला जाते, नवरा लोअर परळला. दुपारी स्कूलबस आली की सासूबाई गेटवर जाऊन त्याला घेऊन येतात. मागच्या महिन्यात बस कापूरबावडीला अडकली. पाऊण तास पत्ता नाही, बसच्या काकांचा फोन लागेना, सासूबाई उन्हात उभ्या आणि ऑफिसात माझ्या जिवाचं पाणी पाणी. त्याच रात्री नवऱ्याने जाहीर केलं, "त्याला स्मार्टफोन घेऊन टाकू, लोकेशन तरी दिसेल."

मी म्हटलं, बटणांचा घेऊ. कपाटात जुना टूजी हँडसेट आहेही, पण आमच्या सिमच्या कंपनीचं टूजी नेटवर्कच नाही, तो चालतच नाही. नवा फोरजी कीपॅडवाला घ्यावा तर चिरंजीव म्हणतात, "तो आबांचा फोन आहे, सगळे हसतील."

हसतील हे खरंच. खाली सोसायटीच्या पोडियमवर संध्याकाळी पाच-सहा मुलं एका मोबाइलवर डोकी जोडून बसलेली असतात आणि चेंडू बाकाखाली पडलेला. वर्गातल्या मुलांचा म्हणे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही आहे. व्हॉट्सअ‍ॅपची स्वतःची अट १३ वर्षांची! हे ग्रुप काढून देतं कोण?

मीही धुतल्या तांदळासारखी नाही. तो अडीच वर्षांचा असताना घास जावा म्हणून मीच समोर मोबाइल धरायचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलं होतं की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला १ तासाहून जास्त स्क्रीन नको. मी ते वाचलं तेव्हा तो बालवर्गात होता, आणि लॉकडाऊनमुळे बालवर्गच मोबाइलवर भरत होता.

नवऱ्याचा भरवसा फॅमिली लिंकवर, म्हणजे मुलाच्या फोनवर आई-बाबांना लक्ष ठेवता येईल असं गूगलचं अ‍ॅप. त्यात वेळेची मर्यादा घालता येते, अ‍ॅपला आपली परवानगी लागते, लॉक असतानाही आलेला कॉल घेता येतो, सगळं कबूल. पण रोज रात्री "अजून दहा मिनिटं दे ना" हे भांडण माझ्याच वाट्याला येणार.

सिमवालं मुलांचं घड्याळ, ज्यावरून कॉल होतो आणि लोकेशन दिसतं, ते कुणी वापरलंय का? बॅटरी शाळा सुटेपर्यंत टिकते का? तुमच्या शाळा ते चालवून घेतात का? आमच्या शाळेत फोन आणायचा नाही असा नियम आहे. घड्याळाबद्दल विचारलं तर बाईंनी "बघू" म्हटलं. आणि कीपॅड फोन दिलेल्यांनो, मुलं किती दिवसांनी चिडवायची थांबली?

'आमच्या वेळी फोन नव्हते' हे सासरे रोज सांगतात, तेवढं सोडून काहीही लिहा.

ता.क.: सध्या बसमधल्या मावशींचाही नंबर घेतलाय. नवरा म्हणतो, हे आधीच करायला हवं होतं. सुचलं मात्र मला.